बाबांची १७ वर्षांची सेडान, ३,५३० मिलिमीटरची अल्टो आणि एक टेप

गेल्या वर्षी घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या घरात भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे आरडाओरडा नाही, आमच्याकडे भांडण म्हणजे बाबा पेपर उघडून गप्प बसतात आणि आई भांडी जरा जोरात ठेवते. विषय एकच, बाबांची जुनी मोठी सेडान ठेवायची की विकून अल्टो के१० घ्यायची. मी पुण्यात असते, दादा बेंगळुरूला, आई-बाबा साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला. महिनाभर हा विषय चालला, मी त्याची एक्सेल शीट केली, मग लक्षात आलं की शीटमध्ये निम्म्या गोष्टी चुकीच्या लिहिल्या होत्या. बऱ्याच घरांत हीच तुलना चालू असणार म्हणून सगळं लिहून काढतेय, आकडे आमच्या घरचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

आधी गाड्या. सेडानची कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण १७ वर्षांत जे काही गेलं ते वयाने गेलंय, त्यात कंपनीला शिव्या देण्यासारखं काही नाही, आणि नाव घेतलं की लोक मूळ मुद्दा सोडून त्यावरच बोलत बसतात. २००८ ची, २.४ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, लांबी ४.८२ मीटर, वजन दीड टन, टाकी ७० लिटरची. बाबांनी २०१३ मध्ये पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतली, म्हणून नंबर अजून एमएच १२. डॉक्टरांनी पाच वर्षं जपून वापरलेली, आतलं लेदर तेव्हा नव्यासारखं होतं आणि बाबांच्या रिटायरमेंटच्या आधीची शेवटची मोठी खरेदी ती. कॉलनीत पहिली दोन वर्षं लोक गाडी बघायला यायचे. हे सगळं त्या गाडीच्या किमतीत धरावं लागतं, शीटमध्ये त्याला कॉलम नसतो एवढंच.

दुसरी बाजू अल्टो के१०, २०२२ ला आलेलं मॉडेल. ९९८ सीसी, ६६-६७ हॉर्सपॉवर, लांबी ३,५३० मिलिमीटर, वजन साडेसातशे किलोच्या आसपास, टाकी २७ लिटर, डिकी २१४ लिटर. म्हणजे सेडानच्या टाकीत अल्टोच्या अडीच टाक्या बसतात आणि वजनात एका सेडानमध्ये दोन अल्टो. टायर बघितले की फरक अजून कळतो, सेडानचा २१५/६० आर१६, अल्टोचा १४५/८० आर१३. शोरूममध्ये बाबा त्या टायरकडे बघून म्हणाले, "आमच्या लुनाला याच्यापेक्षा थोडा बारीक होता." लुना! असो.

आता मी पहिल्या दिवशी काय चूक केली ते सांगते, कारण ती सगळेच करतात. मी शीटमध्ये सेडानच्या कॉलममध्ये तिचं ब्रोशर लिहिलं. २ एअरबॅग, एबीएस, अमुक पॉवर, तमुक मायलेज. आणि शेजारी अल्टोचं ब्रोशर. म्हणजे २००८ मधली नवीकोरी सेडान विरुद्ध २०२५ मधली नवीकोरी अल्टो. पण आमच्या पोर्चमध्ये २००८ मधली सेडान उभीच नाहीये, तिथे २०२५ मधली उभी आहे. हे डोक्यात यायला मला दोन आठवडे लागले आणि तेही माझ्या हुशारीने नाही, इन्सुलेशन टेपमुळे.

टेपचं असं झालं. मी दसऱ्याला साताऱ्याला गेले तेव्हा सेडान घेऊन पेट्रोल भरायला निघाले. सीट पुढे घेताना मीटरवर डाव्या कोपऱ्यात काळ्या टेपचा एक छोटा चौकोन दिसला, नखाएवढा, अगदी नीट कापून लावलेला. मी म्हणलं मीटरची काच तडकली असेल. उचलला तर खाली लाल दिवा, बसलेला माणूस आणि समोर गोळा, एअरबॅगचा दिवा. गाडी चालू असताना कायम पेटलेला. बाबांना फोन केला तर म्हणाले, "हां तो, तीन वर्षं झाली त्याला, रात्री फार डोळ्यात जातो गं." आणि वर हेही म्हणाले की त्याच सुमाराला हॉर्न कधी वाजतो कधी नाही असं सुरू झालं म्हणून त्यांनी हॉर्नचं बटण वेगळं काढून घेतलं डॅशबोर्डखाली.

ज्यांना गाड्यांमधलं कळतं त्यांना एवढ्यावरून समजलं असेल. स्टिअरिंगच्या आत एक चपटी गुंडाळलेली वायर असते, मेकॅनिक तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, स्टिअरिंग फिरलं तरी हॉर्नचं आणि एअरबॅगचं कनेक्शन तुटू नये म्हणून. ती वर्षानुवर्षं उलगडून-गुंडाळून कधीतरी आतून तुटते, मग हॉर्न जातो, एअरबॅगचा दिवा लागतो, आणि दिवा लागलाय याचा अर्थ धडक झाली तर एअरबॅग उघडेलच असं धरता येत नाही. म्हणजे तीन वर्षं आई-बाबा पुण्याला येत-जात होते ते ज्या दोन एअरबॅगच्या भरवशावर, त्यातली एकही उघडेल याची खात्री नव्हती. आणि दादा रोज व्हॉट्सॲपवर सांगत होता, "सेडान सेफ आहे, त्यांना पत्र्याचा डबा घेऊन देऊ नकोस."

मग मी खाली वाकून टायर बघितले. नक्षी भरपूर शिल्लक, वरून बघणारा म्हणेल चांगले आहेत. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर २३१७. म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, आठ वर्षांचे टायर, बाजूने बारीक बारीक भेगा, म्हाताऱ्या माणसाच्या टाचेला पडतात तशा. गाडी कमी चालते म्हणून टायर झिजत नाहीत, आणि झिजत नाहीत म्हणून बदलले जात नाहीत. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीचा हा खरा घोळ आहे, किलोमीटरवर सगळं ठीक दिसतं आणि रबर कॅलेंडर बघून म्हातारं होतं.

त्या दिवशी रात्री शीटमधला सेडानचा कॉलम पुसून नव्याने लिहिला. एअरबॅग: भरवसा नाही. टायर: ८ वर्षं. एसी: उन्हात अर्धा. लोअर आर्मचे बुश (चाकाच्या सांध्यातलं रबर): खड्ड्यात खडखड.

सेफ्टीचं खरं काय

दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून हा भाग जरा नीट सांगते. २००९ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने दोन वेगळे प्रयोग केले, आणि गंमत म्हणजे वाद घालणारे दोघेही यातला आपल्या सोयीचा एक प्रयोग सांगतात आणि दुसरा गाळतात. एकात त्यांनी १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर ताशी ६४ किलोमीटरने आदळवल्या. बेल एअर म्हणजे लांबलचक, जाड पत्र्याची, आजोबा लोक "तेव्हाचं लोखंड" म्हणतात ना, तसली. निकाल असा की बेल एअरचं केबिनच चेपलं, स्टिअरिंग आत आलं, आतला पुतळा खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक चेपलं, केबिन जागेवर, पुतळ्याच्या पायाला काय ते लागलं. त्याच वर्षी त्यांनी दुसरा प्रयोग केला, त्यात तीन छोट्या गाड्या त्याच कंपनीच्या मोठ्या गाड्यांवर आदळवल्या, होंडा फिट अकॉर्डवर, टोयोटा यारिस कॅमरीवर आणि स्मार्ट मर्सिडीज सी-क्लासवर. सगळ्या त्याच काळातल्या नव्या गाड्या, आणि तिन्ही छोट्या गाड्या एरवीच्या बॅरिअर टेस्टमध्ये, म्हणजे ठोकळ्यावर आदळवून बघतात त्यात, चांगले मार्क मिळवलेल्या. इथे तिघी नापास.

म्हणजे पहिल्यात रचना जिंकली, दुसऱ्यात वजन. वजनाचं गणित शाळेतलंच आहे. दीड टनाची सेडान आणि ७५० किलोची अल्टो, दोन्ही ताशी ५० ने समोरासमोर, धडकल्यावर एकमेकींत अडकून सरकतात असं धरा. तर सेडान पुढेच जात राहते, १७ च्या वेगाने, आणि अल्टो पुढे जात होती ती १७ ने मागे ढकलली जाते. सेडानमधल्या माणसाच्या वेगात फरक पडला ३३ चा, अल्टोमधल्याच्या ६७ चा, तोही त्याच क्षणात. यावर कुठलंही ब्रोशर काही करू शकत नाही. पण हेच गणित झाडाला, पुलाच्या कठड्याला किंवा डिव्हायडरला लागू नाही, तिथे तुमचा वेग ५० वरून शून्य होतो, गाडी मोठी असो की लहान, आणि मग केबिन टिकतंय का, बेल्ट-एअरबॅग चालतात का, यावर सगळं. शिवाय आपल्याकडे हायवेवर समोर येणारी वस्तू बऱ्याचदा ट्रक असते, आणि ट्रकसमोर दीड टन काय आणि पाऊण टन काय.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचा इतिहास तसा लाज वाटावी असाच आहे. २०१४ ला ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून सेफ्टीचे स्टार देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची बेस मॉडेलं आदळवली तेव्हा पाचही शून्य स्टार. त्यानंतर नियम आले, ५६ च्या वेगाची ऑफसेट क्रॅश टेस्ट (नाकाची एकच बाजू आदळवतात ती) २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि २०१९ पासून सगळ्यांना, २०१९ मध्येच एबीएस आणि ड्रायव्हर एअरबॅगची सक्ती, मग पुढच्या पॅसेंजरची. अल्टो के१० ला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने मोठ्यांसाठी २ स्टार दिले, मुलांसाठी शून्य. तेव्हा तिला दोन एअरबॅग होत्या, आता सहा आहेत सगळ्या व्हेरिअंटला, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) पण आहे. त्याने ती आपोआप ५ स्टार होत नाही हे शोरूमवाल्याला सांगावं लागतं, सहा एअरबॅग म्हणताना तो असा काही छाती फुगवतो की जणू स्वतः फुगवल्यात.

माझं मत एवढंच झालं की गावात ३०-४० च्या वेगाला चालू एअरबॅगवाली, नव्या टायरची छोटी गाडी मला आमच्या आजच्या सेडानपेक्षा बरी वाटते, आणि हायवेवर, विशेषतः रात्री, दुरुस्त केलेली सेडानच हवी. दुरुस्त केलेली. टेप लावलेली नाही.

बाबांची डायरी

बाबा दर वेळी पेट्रोल भरलं की आणि दर फेरीला डायरीत नोंद करतात, बँकेतली सवय. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कधी कधी शेरा पण ("वाईचा रस्ता भिकार"). मी ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ अशा बारा महिन्यांच्या नोंदी बसून काढल्या. एकूण ४,३१० किलोमीटर. त्यातले हायवेचे साधारण १,६००, पुण्याच्या सहा फेऱ्या आणि कोल्हापूरची एक. बाकी २,७०० गावातले आणि आसपासचे, राजवाडा, मोती चौक, मंडई, पोवई नाका, डॉक्टर, बँक, अधेमधे कोरेगाव-वाई. दोनशेच्या वर वेळा गाडी गेटबाहेर काढली, पैकी बहुतेक वेळा आठ किलोमीटरच्या आत परत.

आता मायलेज. सेडान गावात ७ देते, साताऱ्यात चढउतार एवढे की त्यातही कधी साडेसहा, हायवेला साडेअकरा. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाचे ५५ हजार. अल्टोला कंपनी २४-२५ सांगते, मी गावात १६ आणि हायवेला २० धरले, एसी लावून आणि बाबा चालवतात तसं. वर्षाचे २६ हजार. म्हणजे वाचले २९ हजार. ऑटोमॅटिक गिअरवाली अल्टो (कंपनी त्याला एजीएस म्हणते) आमच्याकडे रोड टॅक्स ११ टक्के, इन्शुरन्स वगैरे धरून ऑन-रोड पावणेसहा लाखांपर्यंत जात होती, सेडानला एक्स्चेंजमध्ये १ लाख ३५ हजार सांगितले. खिशातून ४ लाख ४०. भागिले २९ हजार. पंधरा वर्षं! बाबा तेव्हा ८६ चे असतील. "मायलेजसाठी छोटी गाडी घेतोय" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा भागाकार गाडी बुक करायच्या आधी करावा, नंतर करून काही उपयोग नाही.

मेंटेनन्स घातला की चित्र बदलतं, पण किती बदलतं ते तुम्ही कोणाला विचारता त्यावर आहे. मागच्या दोन वर्षांत सेडानवर वर्षाला सरासरी ५८ हजार गेले. अल्टोचं ६-७ हजारांत व्हावं. थर्ड पार्टीचा मूळ प्रीमियम १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७ आणि १,००० च्या आतल्या गाडीला २,०९४, तोही फरक धरायचा. २०२३ मध्ये १५ वर्षं झाली तेव्हा आरसी रिन्यू करायला ५,००० फी आणि ३,००० पर्यावरण कर भरलेला, तसा खर्च २०२८ ला पुन्हा, तेव्हाच्या दराने. हे सगळं मिळून पाच-साडेपाच वर्षांत पैसे वसूल. पण बाबांचा मुद्दा असा की ते ५८ हजार आता खर्च होऊन गेले, रेडिएटर नवीन झाला, अल्टरनेटर झाला, तो खर्च दर वर्षी परत येणार आहे का? बरोबर आहे की. मग आम्ही उलटं केलं, गाडी पुढची तीन वर्षं नीट चालवायला आज काय काय लागेल याचं एस्टिमेट काढलं.

एस्टिमेटचा किस्सा वेगळाच. पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपने, नाव नको, एकूण १ लाख ७४ हजार काढले, त्यात एसीच्या कॉइलसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायचे ३८ हजार आणि एक "अंडरबॉडी ट्रीटमेंट" जी मी मागितलीच नव्हती. साताऱ्यात बाबांचा जुना मिस्त्री आहे, त्याने गाडी पिटावर घेऊन, खालून बॅटरी मारून, कागदावर पेन्सिलने लिहून दिलं: चार टायर ३०, क्लॉक स्प्रिंग १४, लोअर आर्म आणि बुश २२, शॉकअब्सॉर्बर मागचे १६, एसीचा गॅस आणि पाइप ७. एकूण ८९ हजार. कॉइल चांगली आहे म्हणाला, गळती पाइपात होती. बाबा तो कागद घेऊन घरी आले ते केस जिंकल्यासारखे. "नव्वद हजारांत गाडी नव्यासारखी, आणि तुम्ही मला पावणेसहा लाख घालायला सांगताय."

आणि खरं सांगते, आकड्यांवर बाबा जिंकले होते. माझी शीट तिथे संपली. ४,३०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला नव्वद हजार खर्च करून तीन वर्षं काढणं हे पावणेसहा लाख घालण्यापेक्षा स्वस्त आहे, कसंही मोजा. शिवाय हायवेला तिची सर अल्टोला नाही. आम्ही मावसभावाची अल्टो घेऊन साताऱ्याहून पुण्याला जाऊन आलो, चौघं. जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर ते एस वळण येतं, मागे कंटेनर, आणि गाडीत सगळे एकदम बोलायचे थांबले. नीरेच्या पुलावर मोठा ट्रक बाजूने गेला की गाडी जराशी हलते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावंसं वाटतं. येताना खंबाटकी घाट चढताना चौघं बसलेले, एसी चालू, दुसरा गिअर, तिसऱ्यात टाकला की दम लागायचा. सेडानमध्ये याच रस्त्यावर आई शिरवळला झोपते आणि आनेवाडीच्या टोलला उठते. तिला घाट कुठे लागला ते माहीतच नसतं.

म्हणजे केस बंद व्हायला हवी होती. झाली नाही, कारण गेट.

गेटपाशी काय झालं

आमचा पोर्च ५.१ मीटरचा आहे, मी शिवणकामाच्या टेपने दोनदा मोजला. सेडान ४.८२. मागे-पुढे मिळून जेमतेम फूटभर जागा. गाडी काढायची म्हणजे आधी ॲक्टिव्हा बाहेर, मग तुळशीची कुंडी सरकवायची, मग बाबा गाडीत बसणार आणि आई गेटबाहेर बोळात उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, अहो थांबा!" बोळ अरुंद, समोर शेजाऱ्यांचा ओटा, त्या ओट्याला गाडीच्या डाव्या मागच्या दाराचा रंग लागलेला आहे आणि दाराला ओट्याचा. चार-पाच वेळा मागेपुढे केलं की गाडी बोळात सरळ होते. मी घड्याळ लावलं, ॲक्टिव्हा काढल्यापासून आई गाडीत बसेपर्यंत सहा मिनिटं. मंडईला जायला गाडीत लागतात आठ.

हे सगळं मी मोजत होते तेव्हा आई म्हणाली, "म्हणून तर मी रिक्षाने जाते." सहज म्हणाली, कुंडी उचलता उचलता. मला डायरी आठवली. दोनशे वेळा गाडी निघाली, त्यात एकदाही आई एकटी नाही. डायरीत असणारच नाही, ती बाबांची डायरी.

आईकडे लायसन्स आहे. १९९६ पासून २०१३ पर्यंत आई मारुती ८०० चालवायची, आम्हाला शाळेत सोडायची, कराडला मामाकडे एकटी घेऊन जायची. सेडान आली तेव्हा ८०० विकली, कारण पोर्चमध्ये दोन गाड्या मावत नव्हत्या. सेडान आईने दोनदा चालवून बघितली, बॉनेटचा कोपरा कुठे संपतो ते तिला दिसत नव्हतं, दुसऱ्या वेळी तो ओटा लागला, आणि तिने किल्ली ठेवून दिली. बारा वर्षं. लायसन्स मात्र पाच पाच वर्षांनी रिन्यू करत राहिली, डॉक्टरकडून फॉर्म भरून आणून, सगळं व्यवस्थित. कशासाठी करत होती ते आम्ही कोणी विचारलं नाही. बाबांनी सेडान घेतली तेव्हा आईची गाडी गेली, हे घरात आजपर्यंत कोणाच्या तोंडून निघालेलं वाक्य नाही, आईच्या तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला बाबा बसले, गुडघा डॅशबोर्डला लागतो का बघितलं, लागत नव्हता म्हणून जरा नाराज झाले, एक चक्कर मारून आले. गिअर बदलताना डोकं पुढे जातं म्हणाले, ते खरं आहे, त्या प्रकारच्या गिअरबॉक्सला थोडा झटका असतोच, पाय जरा हलका ठेवला की कमी होतो. मग आई म्हणाली मी बघू का. शोरूमचा मुलगा शेजारी बसला, आम्ही मागे. आईने आधी चप्पल काढून बाजूला ठेवली, ८०० पण ती अनवाणीच चालवायची. सीट अगदी पुढे, पाठ सरळ, दोन्ही हात वर. पहिली शंभर मीटर गाडी चालण्यापेक्षा सरपटत गेली. मग पोवई नाक्याच्या अलीकडे समोरून एक वडापची जीप डावीकडून घुसली, आणि आईने हॉर्न दाबून, ब्रेक मारून, काच खाली करून त्याला जे सुनावलं ते ऐकून शोरूमचा मुलगा मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. हसत होते बहुतेक.

यू टर्नला आईने एकदाच स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी वळली. ४.५ मीटरची टर्निंग रेडियस ब्रोशरमध्ये नुसता आकडा असतो. उतरताना अजून एक कळलं, सेडान खाली बसकी आहे, त्यातून बाहेर येताना आईला दाराची चौकट धरून गुडघ्यावर जोर देऊन उठावं लागतं, इथे सीट थोडी उंच, ती नुसती फिरून पाय खाली ठेवते. ६६ वर्षांच्या गुडघ्याला दोन-तीन इंच म्हणजे भरपूर.

गाडी धनत्रयोदशीला घरी आली, पांढरी. पैसे बाबांनी दिले, दादाने अर्धे देतो म्हटलं ते घेतले नाहीत. सेडान विकली नाही. तिला टायर, क्लॉक स्प्रिंग आणि बुश करून घेतले, ६६ हजार, शॉकअब्सॉर्बर पुढे ढकलले. टेप काढली, दिवा आता गाडी चालू केल्यावर लागतो आणि विझतो, बाबा मला दर वेळी मुद्दाम दाखवतात. अल्टो पोर्चमध्ये, सेडान समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कव्हर घालून, प्लॉटवाल्याला महिन्याला पाचशे. नियम असा ठरला की अल्टो खंबाटकीच्या पलीकडे जाणार नाही, आणि अंधार पडल्यावर हायवेला कोणतीच गाडी नाही, तशी वेळ आली तर स्वारगेटची विनाथांबा एसटी आहे. आकड्यांच्या हिशोबाने हा सगळ्यात महागडा पर्याय आहे, हे मला माहीत आहे, शीट माझ्याकडेच आहे.

पाच महिन्यांत अल्टो २,१०० किलोमीटर झाली. सेडान ६८०, त्यातही एकदा उभी राहून राहून बॅटरी उतरली. म्हणजे अल्टोला मी गावात वर्षाला २,७०० धरले होते ते साफ चुकलं, आई भजनी मंडळाच्या चौघींना घेऊन सज्जनगडला जाऊन आली, दर गुरुवारी कोरेगावला मावशीकडे जाते, हे किलोमीटर आधी अस्तित्वातच नव्हते. मायलेज गावात १५ पडतंय, १६ नाही. पेट्रोलचा खर्च घराचा एकूण फारसा कमी झालेला नाहीये. डायरीत आता दोन अक्षरं आहेत, आईच्या नोंदीत किलोमीटर नसतात, फक्त "मंडई" किंवा "सहज" असं असतं आणि बाबा संध्याकाळी मीटर बघून आकडा भरतात.

दादा म्हणतो दोन गाड्या ठेवणं मूर्खपणा आहे, सेडान काढा. मलाही ते पटतं, आरसी २०२८ पर्यंतच आहे, पुढे भाव अजून पडणार. बाबांनी पण हो म्हटलं आणि ओळखीत सांगून ठेवलं. मागच्या रविवारी कराडहून एक जण बघायला आला, गाडी फिरवून आणली, खूश होता, टायर नवीन बघून तर फारच. किंमत विचारली. बाबा म्हणाले, "दोन लाख ऐंशी." तो चहा पिऊन गेला.